सुनेच्या कानातला स्क्रूड्रायव्हर

ठाण्यातल्या आमच्या बाळकुमच्या गॅरेजात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाडी जोडून झाल्यावर जो नटबोल्ट उरतो तो त्यात जातो. कुठल्या गाडीचा, विचारायचं नाही! किश्शांचंही तसंच. मी चौथी शिकलेली बाई, लिहून कुठे ठेवणार? पण डबा भरलाय. थोडा ओतते.

*

आधी आमच्या ह्यांचं. इंजिनात आवाज आला की हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतात आणि लाकडी मूठ कानाला लावतात, डॉक्टरसारखं. कानाला लागून लागून मूठ गुळगुळीत झालीय. चाळीस वर्षं मी बाजूला बसून चहा करते, पार्ट पुसते. एकदा म्हटलं, "मला पण ऐकवा की."

"तुला काय कळणार? तू चहा बघ."

त्या दिवशी चहात मीठ घातलं. मूठभर!

हे पण कमी नाहीत. अख्खा कप प्यायले, वर म्हणाले, "साखर जरा जास्त झालीय."

*

मग सून आली. सोनल, डोंबिवलीची, आयटीआय केलेली. मुलगा आमचा वागळे इस्टेटला कंपनीत, त्याला ग्रीसचा वाससुद्धा चालत नाही. आणि ही पहिल्याच महिन्यात पँट चढवून गॅरेजात! ह्यांनी काय करावं? सगळ्यांसमोर स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "आजपासून कान तुझा. माझे दोन्ही गेले."

माझे दोन्ही शाबूत होते. कुणी विचारलं?

संध्याकाळी घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, "मावशी, घरात तोडफोड काढलीय काय?"

*

नौपाड्याचे एक रिटायर्ड मास्तर स्कूटर घेऊन यायचे. मला म्हणतात, "काकू, तुम्ही नको. मॅडमना बोलवा."

मॅडम! मला चाळीस वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नाही.

"मॅडम सुट्टीवर आहेत," मी म्हटलं.

सोनल मागे एका गाडीखाली आडवी झालेली, पाय बाहेर. मास्तरांनी बोट दाखवलं, "मग हे पाय कुणाचे?"

"पाय कामावर आलेत. बाकीच्या मॅडम सुट्टीवर!"

*

मग मी एक गंमत केली. एका गाडीच्या सीटखाली माझी जुनी बांगडी दोऱ्याने बांधली, फ्रेमवर आपटेल अशी. इंजिन चालू केलं की टिक टिक टिक! सोनलने स्क्रूड्रायव्हर लावला, टॅपेट बघितले, चेन बघितली. जेवायची वेळ टळली. मी आपली शांतपणे कोथिंबीर निवडतेय. शेवटी तिने सीट उचलली, बांगडी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं. आणि ती खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याच्या डबीत बांगडी. आणि चष्मा? फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे!

पोरगी बरी आहे, हे तेव्हाच कळलेलं. पण कबूल कोण करतंय!

*

आता हेमंतच्या गाडीचं. हेमंत म्हणजे खाडीकडच्या कोळ्यांचा पोरगा, मोठी दणकट मोटरसायकल. रविवारी साखरपुडा, नवरीला मागे बसवून फिरवायचं ठरलेलं. टॅपेट वाजत होते म्हणून सोनलने नवे टाकले. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दट्टे, हे तेलावर चालणारे, आधी तेलात बुडवून ठेवायचे. तिने ठेवले. तरी बटण दाबून चालू केली की टक टक टक!

"तेल चढलं की थांबेल," सोनल म्हणाली.

थांबेना. ऑइल बघितलं, टॅपेट परत काढून धुतले. शनिवार उजाडला. हेमंत म्हणाला, "वहिनी, जमत नसेल तर सांगा, कल्याणला नेतो."

ह्यांचं तोंड उतरलं. गाडी दुसऱ्याकडे गेली असती तर सोनलच्या हातात परत कुणी इंजिन दिलं असतं?

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दहा मिनिटं बरं वाटलं. मग ती मागे जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल.

ती परत आत गेल्यावर मी साडी खोचली आणि त्या गाडीची किक दाबली. एरवी ती माझ्याने हलत पण नाही. आज लोण्यासारखी खाली गेली! लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी असाच घोळ घातलेला. टॅपेटवर दोन दांड्या असतात, एक लांब, एक आखूड. अदलाबदल झाली की आखूड टकटकते आणि लांब व्हॉल्व्ह मिटू देत नाही. इंजिनात दाब राहत नाही, किक हलकी.

पण सांगू कशी? मला काय कळतं!

दुपारी जेवणाच्या डब्यातून सोनलच्या ताटलीत भात वाढला. वर आमटीतल्या शेवग्याच्या दोनच शेंगा, शेजारी शेजारी. एक लांब, एक आखूड.

ती बघतच राहिली. "आई, मघाशी किक तुम्ही मारलेली?"

"मी? मी तर चहा बघते."

भात तसाच टाकून पळाली. तासाभरात टकटक गायब! हे ओरडले, "बघितलंस? काय कान आहे पोरीचा!"

मी मिठाचा डबा शोधायला लागले.

सोनलने गाडी परत चालू केली. स्क्रूड्रायव्हरची मूठ बाहीला पुसली, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ माझ्या हातात दिली. "आई, पास करा."

चाळीस वर्षांनी! हात नुसता थरथरत होता. मूठ कानाला लावली, डोळे मिटले, नीट ऐकलं.

"अजून टिकटिकतंय!"

ह्यांच्या हातातला कप पडला. हेमंत डोकं धरून खाली बसला.

सोनलने पुढे येऊन माझं मनगट धरलं, बांगड्यांसकट.

आवाज बंद!