ओकला घातलेलं पाणी

गावातलं सगळ्यात जुनं झाड मी पाणी घालघालून मारायला निघालो होतो.

सुरुवात अमेरिकेला निघायच्या सकाळीच झाली होती. साताऱ्याच्या घरासमोर टॅक्सी उभी, बाबा बॅगा मोजतायत आणि मी मात्र फाटकाजवळच्या आंब्याला शेवटची बादली घालतोय. तो आंबा कधी मोहरला नव्हता, पण माझी बादली कधी चुकली नव्हती. आई म्हणाली, "तिथेही एखादं झाड धर रे. पाणी घालत राहिलं की परकं वाटत नाही."

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत माझं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. माती म्हणाल तर बुटांना लागेल तेवढीच. पण मागच्या पार्कात एक ओक होता. पाटी सांगत होती की इथे वस्तीला आलेल्या पहिल्या कुटुंबांनी याच्याच सावलीत बैल सोडले, पहिली शाळाही इथेच भरली. मी भारावलो. मी दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन आलो तरी दमलो होतो; ती माणसं नांगर आणि तान्ही मुलं घेऊन आलेली!

दुधाचे दोन रिकामे कॅन भरून मी रोज ऑफिसआधी पाणी घालायला लागलो. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली. उन्हाचा त्रास होतोय असं ठरवून मी दोनाचे चार कॅन केले.

तेव्हा मार्था भेटली. ऐंशीची, हातात काठी, हौसेनं या झाडाची देखभाल करणारी. तिची पणजी इथेच अक्षरं गिरवायला शिकलेली. बुंध्याशी चिखल बघून म्हणाली, "म्हणजे तू होय तो! अरे, एवढे दुष्काळ पचवले यानं. याला कोरडी जमीन लागते. मुळं कुजतायत. जगला की नाही, ते आता वसंतात कळेल."

हिवाळाभर मी रिकाम्या हातांनी जायचो, उघड्या फांद्या बघून परत यायचो. मार्चमध्ये घरी जायचं तिकीट कॅन्सल केलं. आईला म्हटलं, ऑफिसात काम आहे.

एप्रिलमध्ये एका फांदीच्या टोकाला नखाएवढी पालवी दिसली. मार्थानं टोपी काढली. माझ्याकडे टोपी नव्हती, मी हेडफोन काढले.

घर कुठलं विचारलं की अजून साताराच तोंडात येतं. पण त्या झाडाखालूनच व्हिडिओ कॉल करून सगळं कबूल केलं, तेव्हा मी "आमचा ओक" म्हणालो. आईनं डोळे पुसले. बाबांनी फोन फाटकाकडे वळवला. आंबा कैऱ्यांनी लगडला होता.

"तू गेल्यापासून बरा आहे," बाबा म्हणाले.