अविधवा नवमी

खालच्या मजल्यावरच्या आजींना विसरायचा आजार झाला, तेव्हा आमच्या कोपरच्या बिल्डिंगीत कुणाला नवल वाटलं नाही. आजी इथल्याच, मिठागरात राबलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर म्हणाल्या, "मी कदी पेन धरलाय का?" आमचे बाबा संस्कृतचे मास्तर. ते म्हणाले, "डोक्याला कधी व्यायामच नाही, दुसरं काय होणार?"

पुढे बाबाच दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवायला लागले. त्याच डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी घड्याळ काढलं, शंभरातून सात-सात वजा केले, वर डॉक्टरांचं शुद्धलेखन सुधारलं. आई केवढी खूश! डॉक्टर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिकलेली माणसं बरेच दिवस झाकून नेतात. मग एकदम कोसळतात." मेला शुभ बोलेल तर शपथ, असं मनात म्हणत मी जिना उतरले.

यंदा पितृपक्षात कल्याणहून माहेरी गेलेले, तर माझ्या मागोमाग एक नवे गुरुजी दारात. अविधवा नवमीच्या श्राद्धाला बाबांनीच फोन करून बोलावलेले. ही नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बायकोची. बाबा फोनवर इतकं चोख बोलले असणार की गुरुजींना शंका कशी येणार? आणि दार उघडलं ते आईनेच, कपाळाला कुंकू, हात कणकेचे.

"अहो, ही जिवंत आहे!" मी ओरडलेच. गुरुजी बिचारे आल्यापावली परत गेले.

बाबा सोवळं नेसून पाटावर बसलेले, ढसाढसा रडत होते. आई पुढे वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अहो, इकडे बघा. मी आहे ना." तिला दुसरं काही नको होतं, त्यांनी एकदा ओळखायला हवं होतं. बाबांनी वर पाहिलं आणि परक्या बाईसमोर आवरावं तसं रडू आवरलं. माझी उरलीसुरली आशा तिथेच संपली.

आईने खीर करायला घेतली.

"अगं, वेड लागलंय का तुला? स्वतःच्याच श्राद्धाचा स्वयंपाक करतेस?"

"उपाशी राहतील गं ते."

पानं वाढली. बाबा उठले, देवापुढचा हळदकुंकवाचा करंडा घेऊन आईसमोर आले.

"बाई, आज एक सवाष्ण जेवायला लागते. आमच्या घरात आता कुणी नाही. तुम्ही बसाल का?"

आईने पदर सारखा केला आणि पानावर बसली.