दोन रेघा आल्या तेव्हा

पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आल्या, छान आल्या." वर मी हसलेसुद्धा.

बुलढाण्याच्या दवाखान्यात सिस्टरनं मायच्या रक्ताचा थेंब त्या पट्टीवर टाकला होता.

मी आठवीत शाळा सोडली. आता पुण्याला अशाच तपासणी किट बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला आहे. नवा माल झाला की आधी आजाराचा नमुना टाकून पाहतात. दोन्ही रेघा उमटल्या की किट खरी, पॅकिंग सुरू. म्हणून दोन रेघा दिसल्या की आम्ही पोरी खूश. सुट्टीत गावी, रोहिणखेडला गेले ती ही सवय घेऊनच.

माय तापानं फणफणलेली, तरी उठून बसली. "छान आलं ना? चाल मंग घरी. म्हशीले चारा कोन टाकन?"

डॉक्टर आले. म्हणाले, "एनएस-वन पॉझिटिव्ह आहे. म्हणजे डेंग्यूचा विषाणू रक्तात आहे. मावशींना ठेवून घ्यावं लागेल."

मलाच समजवावं लागलं. "माय, एक रेघ किट चांगली असल्याची. दुसरी आजाराची."

माय परत आडवी झाली. मग हळूच म्हणाली, "मंग तू काऊन हासली वं?"

मी तिचे पाय चेपत बसले.

रोज सकाळी प्लेटलेट्स तपासायचे. प्लेटलेट्स म्हणजे रक्त वाहायचं थांबवणाऱ्या बारीक पेशी. त्या उतरतच चालल्या. इकडे माझी सुट्टी संपत आलेली. मायला अशी टाकून जाऊ कशी? रिपोर्टच्या खिडकीपुढे मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायचे.

डॉक्टर म्हणायचे, "पाणी पाजत राहा. कुठून रक्त येतं का, लक्ष ठेवा. वेळेत कळलंय, हे मोठं आहे."

एका सकाळी आकडा वर चढला. मायला सांगितलं, तर म्हणाली, "आता हास."

मला रडू फुटलं.

"उलटीच हाये ही पोरगी," माय शेजारच्या खाटेवरल्या बाईला म्हणाली.

तुमच्या घरी कुणाला ताप आला तर अंगावर काढू नका. दुसरी रेघ दिसली की जीव घाबरतो, पण ती वेळेत दिसली म्हणून माझी माय घरी गेली. त्या सिस्टरचे आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

मी परत कामावर आले आहे. काल नव्या मालाच्या दोन रेघा आल्या, पोरी हसल्या. मीही हसले. मग पाकिटाची कड नीट चिकटली का, पुन्हा एकदा दाबून पाहिली. कुणाच्या तरी मायपर्यंत जायचं आहे त्याला.