रंग फासलेलं हेदर

चैत्राली पाटणकरला सहसा कशाची किळस येत नसे. शेणखत, कुजका पाला, गोगलगायी, सगळ्यांत तिचे हात गेले होते. राहुरीला बागकामाचं शिकून ती नवऱ्याच्या व्हिसावर एडिनबराला आली, नर्सरीत लोकांच्या बागांसाठी कुंड्या उचलत राहिली आणि चाळिशीला टेकल्यावर तिला स्वतःच्या नावाची पहिली बाग मिळाली. डोंगरातलं छोटं, महागडं लॉज. मालक अंशुमन, पुण्याचा, फायनान्समधली नोकरी सोडून या धंद्यात पडलेला. 'फक्त इथलीच झाडं' ही हौस त्याचीच. दारात पाटी लागणार होती: बागेची रचना, चैत्राली पाटणकर. ती वाचून पुढची कामं येणार होती, म्हणून तिचा सगळा जीव त्या पाटीत होता.

तिने उतारावर बर्च, रोवन अशा तिथल्याच झाडांची रोपं आणि गवताचे झुबके लावले आणि अंशुमनला बजावलं, "ओपनिंग जूनमध्ये ठेव. विंटरमध्ये सगळं ब्राउन दिसणार, दिसू दे. देठ कापू नकोस, त्यांत बागेच्या उपयोगाचे किडे झोपलेले असतात."

"टोटली समजलं मला," तो म्हणाला होता.

काय समजलं होतं कोण जाणे! पुण्याच्या गुरुजींनी मुहूर्त काढला फेब्रुवारीचा, आणि मुहूर्तापुढे स्कॉटलंडच्या थंडीला कोण विचारतो?

वास्तुशांतीच्या सकाळी चैत्राली दारातच थबकली. बाग नव्हती. गवत, देठ, सगळं मुळासकट उपटून कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, स्किपमध्ये, फेकलं होतं. त्या जागी रांगेने हेदर, स्कॉटलंडच्या डोंगरातलं ते बुटकं फुलांचं झुडूप, उभं होतं. निळं, भडक गुलाबी, मोरपिशी. तिने एक डहाळी चोळली आणि बोटं निळी झाली. सुपरमार्केटच्या दारात विकतात तसलं, रंगाचा स्प्रे मारलेलं. जिवंत झाडाला पेंट फासायचा आणि वर त्याला बाग म्हणायचं! किळस येऊन तिने बोटं रुमालाला घासली, पण रंग निघेना.

"दारात वाळकी झाडं अशुभ दिसतात गं," अंशुमन म्हणाला. "आई ऐकेचना, मग मीच हे मागवलं. आणि हेदर नेटिव्हच आहे ना? बॉक्स टिक झाला."

"वाळकी नव्हती ती. झोपली होती."

"फोटोत तसं दिसतं का? चिल कर. तुझं नाव लावलंय की."

लावलं होतं. चकचकीत पितळी पाटी, बरोबर निळ्या वाफ्याच्या डोक्यावर.

आत पूजा सुरू झाली. टॅबलेटच्या पडद्यावरून गुरुजी म्हणाले, घरच्या बागेतलं फूल पाण्यात बुडवून त्याने ते पाणी देवावर शिंपडा. अंशुमनच्या आईंनी, यमुनाबाईंनी, मोठ्या कौतुकाने हेदर खुडून आणलं, कलशात बुडवलं, शिंपडलं. चांदीच्या गणपतीवर निळे ओघळ आले. ताम्हनातलं पाणी थेट टॉयलेट क्लीनरसारखं दिसू लागलं.

"शी! हे काय?" यमुनाबाई किंचाळल्या. "कुणी केली ही बाग?"

अंशुमन मान खाली घालून टॅबलेटचा आवाज कमी करू लागला.

"बाहेर लिहिलंय ना," एक पाहुणी म्हणाली. "चैत्राली पाटणकर."

सगळे तिच्याकडे वळले आणि तिच्या निळ्या बोटांकडे बघत राहिले. "काकू, ही माझी बाग नाही," ती म्हणाली. पण त्या बोटांवर विश्वास ठेवायचा की तिच्यावर? यमुनाबाईंनी देव उचलून पदराआड धरला.

चैत्राली बाहेर आली. गाडीतला स्क्रूड्रायव्हर आणून तिने स्वतःच्या नावाची पाटी काढली आणि स्किपमध्ये टाकली. मग तिथूनच गवताचे गड्डे उचलून एकेक गाडीत ठेवू लागली. त्यांची मुळं अजून ओली होती.