ऐकू आल्याची मान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझं तोंड बघत नाही आहात.

एका तापानंतर माझे कान गेले. पार नाही, पण निम्म्याहून जास्त. ऐन नोकरी लागल्यावर दगा दिला त्यांनी. आणि नोकरी कसली? यवतमाळ जिल्हाभर हिंडून कुठं किती गोंगाट आहे, ते कानानं अजमावायची! हसू नका. म्हणजे — हसा. दोघींनी हातभर अंतरावर उभं राहायचं. एकीनं साध्या आवाजात बोलायचं, दुसरीनं ऐकू आलं की नाही ते सांगायचं. नाही आलं, तरच तिथं आवाज मोजायचं यंत्र येणार. बोलायची माझी जोडीदार, मेघना. मी तिचे ओठ वाचायचे. पिठाची चक्की असो की बसस्टँड, मला सगळीकडे ऐकू यायचं. "तुहे कान लय तिखट हायेत," ती म्हणायची, आणि मी — खूश व्हायचे. लाज वाटते सांगताना.

नेरला कापसाच्या जिनिंग कारखान्याला लागून शोभाताईंचं घर. तक्रार त्यांचीच होती. मुलगी दहावीला, आणि घरात एक धडा वाचून होईना. "सोताच्या कानानं आयका मॅडम, अन् तसंच लिहा," असं म्हणून त्यांनी चहा ठेवला.

अंगणात रुई उडत होती. मेघनानं स्कार्फ नाकातोंडावर ओढला आणि बोलली. ओठ दिसेनात. एक अक्षर कळलं नाही मला. आता तुम्हीच सांगा — "नाही आलं" म्हणायला माझं काय जात होतं? चांगल्या कानाच्या माणसालाही तिथं आलं नसतं. तेच तर खरं उत्तर होतं! पण पकडलं जाण्याची भीती अंगात इतकी मुरलेली, की मी मान डोलावली. मेघनानं विश्वास ठेवला. पायाखालची फरशी थरथरत होती, ते मला कळत होतं. तरी मी गप्प बसून चहा प्यायले.

यंत्र आलंच नाही.

पुढं एकदा शोभाताई नेरच्या स्टँडवर दिसल्या. मुलीला अभ्यासासाठी उमरखेडला मामाकडे धाडत होत्या. पोरगी बसच्या खिडकीत रडत होती. मला पाहून त्या सरळ समोर आल्या.

"तुमच्यावर भरोसा ठेवला होता मॅडम. केसानं गळा कापला तुमी माहा."

ओठांवरून शब्द न शब्द कळला मला. मी कानामागं हात धरला आणि विचारलं, "काय म्हणालात?"

त्या वळून मुलीच्या खिडकीपाशी गेल्या.