"इंजिनिअरच बघायचा!"

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय. कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथं लिहितेय.

मी बारामतीच्या एमआयडीसीत मशिन डिझाइनचं काम करते. आज अंथुर्णे गावाजवळच्या एका शाळेत नववीच्या मुलांना इंजिनिअर नेमकं काय करतात ते सांगायला गेले होते. विहिरीवरची एक जुनी मोटर सोबत नेली होती. ती उघडून दाखवायची म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली, माझ्या हातातला पाना घेतला आणि तिनंच सगळे बोल्ट सोडवले.

मी जाम खूश! विचारलं, "घरी कधी इंजिनिअरचा विषय निघतो का गं?"

"व्हय मॅडम, रोजच. पप्पा म्हणत्यात, इंजिनिअरच बघायचा."

"बघायचा म्हणजे?"

"पोरगा. माझ्यासाठी."

मला वाटलं, आता वर्ग खो खो हसणार. एकही मूल हसलं नाही. शेजारची उलट म्हणाली, "आमच्यात पण तेच चाललंय."

अहो, नववीतल्या पोरी!

मग बोल्ट सोडवणाऱ्या त्या मुलीनंच विचारलं, "मॅडम, तुमी सोता इंजिनिअर हाय ना? मग तुमच्या पप्पांनी काय बघितलं?"

"कॉलेज बघितलं गं."

ती पाना घेऊन पुन्हा मोटरीकडं वळली.

तिच्या वर्गशिक्षिकेला घेऊन मी उद्या तिच्या घरी जाणार आहे. तोवर तुम्ही सांगा, तुमच्या घरात नववीतली लेक असेल, तर तिच्यासाठी काय बघताय?