गालावरच्या रंगाची पोच

कराडच्या बाजारपेठेतील एका दुकानात महागड्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर एक बाई उभ्या असतात. गालांना लावायच्या पावडरीची नवी छटा आली, की ती आधी स्वतःच्या मनगटावर ओढतात आणि मग गिऱ्हाइकाला आरशासह दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेतात. "आवं मावशी, दिव्याखाली समदंच गुलाबी दिसतंय. हितं बघा." सौ.च्या खरेदीपायी मी हे अनेकदा पाहिले आहे. न शोभणारी छटा त्या विकत नाहीत.

तथापि एकच ब्रश सर्वांच्या गालांवरून फिरवणे हा ग्राहकाच्या आरोग्याशी उघड खेळ आहे. सौ.च्या गालावर पुरळ उठताच मी बाईंविरुद्ध दोन पानी तक्रार लिहून काउंटरवर ठेवली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. आजवर एकाही कार्यालयाने मला वाद घातल्याशिवाय पोच दिलेली नाही.

बाईंनी दोन्ही पाने उभ्यानेच वाचली. "मालकाकडं दुसरा ब्रश मागितला हुता काका, दिला न्हाई. पण फिरवला मीच. तुमचं खरं हाय."

"हे पत्र मालकांकडे जाईल," मी बजावले.

"जाऊ द्या की. लय झालं तर घरी बसवत्याल." त्यांनी नाव लिहून सही केली.

मूळ पत्र मी परत घेतले. मालकांना नवे लिहिले: प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र कापूस पुरवावा. त्यात बाईंचा उल्लेख नाही. सहीची प्रत मात्र माझ्या फायलीत आहे. तिच्या कोपऱ्यावर विटकरी रंगाचा अंगठा उमटला आहे. ती मी कोणासही दाखवत नाही.